न ऐकता केलेला कायदा

२०२५ च्या उपवासकाळातील गोष्ट. शुक्रवारची क्रूसाची वाट आटोपली, की आमच्या धर्मग्रामातील दहाबारा माणसे चर्चच्या ओट्यावर बसून राहत. त्यांत कोरडवाहू शेती कसणारे होते, एक निवृत्त शिक्षक होते, महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुली होत्या. समोर महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचा मसुदा असे. विधिमंडळाच्या संयुक्त चिकित्सा समितीने त्यावर जनतेच्या सूचना मागविल्या होत्या आणि मुदत एप्रिलच्या आरंभापर्यंत होती. एका वयस्क शेतकऱ्याने पहिल्याच दिवशी विचारले, "फादर, मुंबईत बसून आपलं कोण वाचतंय?" आम्ही म्हणालो, "बाबा, वाचायचं की नाही ते त्यांच्यावर. लिहायचं की नाही ते आपल्यावर."

वाचन सुरू झाले आणि एका व्याख्येपाशी अडले. प्रस्थापित कायद्याची व त्याच्या संस्थांची अवज्ञा करावयास उत्तेजन देणे हेही बेकायदेशीर कृत्यांत गणले होते. शिक्षकांनी चष्मा काढून विचारले, "१९३८ साली हैदराबाद संस्थानात सत्याग्रह करणारे आपले आजोबे या व्याख्येत बसले असते की नाही?" त्यावर तीन शुक्रवार गेले. कोणाला शब्द कडक वाटे, कोणाला मवाळ. अखेर सर्वांना मान्य होईल असे दीड पानी पत्र तयार झाले तेव्हा मुदत उलटून गेली होती. ते पत्र आजही आमच्या मेजाच्या खणात आहे.

आपल्याला कोणी विचारत नाही ही आपली नित्याची तक्रार. ज्या वेळी विचारले गेले त्या वेळी आम्ही उशीर केला, हा दोष आमच्या पदरी आहे आणि तो आधी कबूल करूनच आम्ही पुढचे लिहीत आहोत. परंतु त्या तीन शुक्रवारांनी आम्हांला एक गोष्ट शिकविली. कायद्याचा मसुदा साध्या माणसांच्या हाती दिला, त्यांना वेळ दिला, की तज्ज्ञांच्या नजरेतून सुटलेला प्रश्न ती विचारतात. ज्या राज्यव्यवस्थेत हा प्रश्न विचारण्याची जागाच आक्रसत चालली आहे, तिच्याविषयी गप्प राहणे आम्हांला योग्य वाटत नाही.

विधेयकाचा कायदा कसा होतो हे आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत चार ओळींत उरकले जाते. विधेयक मांडले जाते ते पहिले वाचन. दुसऱ्या वाचनाच्या वेळी सभागृहापुढे चार वाटा असतात. विधेयक तत्काळ विचारार्थ घ्यावे, आपल्याच सभागृहाच्या प्रवर समितीकडे सोपवावे, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे सोपवावे, अथवा लोकमत अजमावण्यासाठी प्रसृत करावे. त्यानंतर कलमवार चर्चा, तिसरे वाचन आणि मतदान. पहिली वाट सर्वांत जवळची, आणि सत्तेवर कोणीही असो, त्याला तीच प्रिय असते. उरलेल्या तीन वाटांवर मात्र सामान्य नागरिक आत येऊ शकतो. समिती साक्षी घेते, तज्ज्ञांना बोलावते, अधिकाऱ्यांना खुलासा विचारते. तिच्या बैठका बंद दाराआड होतात. तेथे छायाचित्रकार नसतो, प्रेक्षकांची गॅलरी नसते, आणि म्हणूनच सदस्य पक्षाचा झेंडा दाराबाहेर ठेवून कलम वाचू शकतो.

संसदेत १९९३ साली खातेनिहाय स्थायी समित्यांची रचना झाली. त्या वेळी अशा १७ समित्या होत्या. आज २४ आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात आणि मंत्र्याला सदस्य होता येत नाही. व्यवस्था उत्तम, पण विधेयक समितीकडे धाडलेच पाहिजे असे बंधन नाही. ते पीठासीन अधिकाऱ्यांच्या, आणि व्यवहारात सरकारच्या, मर्जीवर राहते. या मर्जीचे काय झाले ते आकडे सांगतात. संसदीय कामकाजाची नोंद ठेवणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या गणनेनुसार चौदाव्या लोकसभेच्या काळात सुमारे ६० टक्के विधेयके समित्यांकडे गेली, पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के. सोळाव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर आले आणि २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेत अवघ्या १६ टक्क्यांवर. शंभरांतील चौऱ्याऐंशी विधेयके समितीचा उंबरठा न ओलांडता पुढे गेली. २०२० च्या सप्टेंबरात तीन कृषी विधेयके अशीच गेली. राज्यसभेत गदारोळात आवाजी मतदान झाले. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले. आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे रद्द करणारे विधेयकही चर्चेविना संमत झाले. करताना विचारले नाही, मोडतानाही विचारले नाही.

दिल्लीची गोष्ट दूरची वाटत असेल तर आमच्या तालुक्याकडे वळू या. गंगापूरहून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघाले, की कायगाव टोक्याला गोदावरीवरचा पूल लागतो. २३ जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात या पुलावरून एका तरुणाने नदीत उडी घेतली आणि त्यात त्याचा अंत झाला. तो आमच्याच तालुक्यातला. त्या दिवसानंतर महाराष्ट्र पेटला. आरक्षणाच्या मागणीच्या बाजूने वा विरुद्ध आम्ही येथे लिहीत नाही. त्या मृत्यूनंतर कायदा कसा झाला एवढेच आम्हांला दाखवायचे आहे.

राज्य मागासवर्ग आयोगाचा अहवाल १५ नोव्हेंबर २०१८ रोजी सरकारला मिळाला. २९ नोव्हेंबरला सभागृहापुढे ठेवला गेला तो केवळ कृती अहवाल. आयोगाचा मूळ अहवाल नव्हे. त्याच दिवशी विधेयक मांडले गेले आणि त्याच दिवशी दोन्ही सभागृहांनी ते चर्चेविना एकमताने संमत केले. ज्या दस्तऐवजाच्या पायावर कायदा उभा राहणार होता, तो दस्तऐवज न वाचता आपल्या लोकप्रतिनिधींनी हात वर केले. पेढे वाटले गेले. पुढे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टक्केवारी घटवून कायदा टिकविला आणि ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. त्या अडीच वर्षांत ज्या मुलामुलींनी त्या आधारावर अर्ज भरले, परीक्षा दिल्या, नियुक्तीची वाट पाहिली, त्यांच्या घरी काय झाले असेल ते कायगावच्या पुलाकडे पाहून समजून घ्यावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा तसेच घडले. नव्या आयोगाचा अहवाल १६ तारखेला सरकारकडे आला, २० तारखेला एक दिवसाचे विशेष अधिवेशन भरले आणि दहा टक्क्यांचे विधेयक त्याच दिवशी एकमताने संमत झाले.

समिती नेमली असती तर कायदा न्यायालयात टिकलाच असता, असा आमचा दावा नाही. पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचा प्रश्न समितीने सुटला नसता. परंतु एक महत्त्वाचा प्रश्न नोव्हेंबर २०१८ मध्येही समोर होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १०२ वी घटनादुरुस्ती अमलात आली होती. तिच्यानंतर मागासवर्ग ठरविण्याचा अधिकार राज्याकडे उरला आहे काय, असे एखाद्या समितीत एखाद्या सदस्याने विचारले असते, कायदेपंडितांना बोलावले असते, तर मुलांना खोटी हमी देण्यापूर्वी सरकारला सावध व्हावे लागले असते. पुढे न्यायालयात याच प्रश्नावर तीन विरुद्ध दोन असा निकाल राज्याच्या विरुद्ध गेला. एकमत झाले म्हणजे विचार झाला असे नव्हे. पुष्कळदा एकमत हे विचार टाळण्याचे सर्वांत सोयीचे साधन असते, कारण त्यात कोणालाच जबाबदार धरता येत नाही.

आता कोणी म्हणेल, की फादर एका पक्षाला लक्ष्य करीत आहेत. तसे नाही. आपल्या समाजाच्या काळजाला भिडणारे एक उदाहरण दुसऱ्या बाजूचे आहे. फादर स्टॅन स्वामी हे येशूसंघीय धर्मगुरू. ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना रांचीत अटक झाली तेव्हा त्यांचे वय ८३ होते आणि कंपवाताने त्यांना पेलाही नीट धरता येत नव्हता. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत रुग्णालयात, कोठडीत असतानाच, त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोप सिद्ध झाले नाहीत आणि खोटेही ठरले नाहीत, कारण खटलाच उभा राहिला नाही. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यातील ज्या तरतुदीने जामीन जवळजवळ अशक्य होतो, ती केव्हा आली? २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर. विधेयक १६ डिसेंबरला मांडले गेले, १७ ला लोकसभेने आणि १८ ला राज्यसभेने ते संमत केले. तेव्हा सत्ता काँग्रेसप्रणीत आघाडीची होती आणि भाजपने पाठिंबा दिला होता. देश दुःखात व संतापात होता. त्या तीन दिवसांत स्थायी समितीची आठवण काढणे देशद्रोहासारखे वाटले असते. समितीने कदाचित एकच साधा प्रश्न विचारला असता : आरोपी वृद्ध असेल, आजारी असेल आणि खटला वर्षानुवर्षे सुरूच झाला नाही, तर काय? तो प्रश्न २००८ मध्ये विचारला गेला नाही. बारा वर्षांनी तो एका वृद्ध धर्मगुरूच्या रूपाने उभा राहिला.

२०१९ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती करून संघटनेप्रमाणेच व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार सरकारने घेतला. राज्यसभेत विधेयक प्रवर समितीकडे पाठविण्याचा प्रस्ताव आला. बाजूने ८५ मते पडली, विरुद्ध १०४. दहा सदस्यांनी कौल बदलला असता तर देशाने थोडा वेळ थांबून विचार केला असता. जे काल सत्तेत होते त्यांनी घाई केली, आज जे सत्तेत आहेत तेही घाई करतात. विरोधी बाकांवर बसलेल्या प्रत्येकाला समिती आठवते आणि सत्तेच्या बाकांवर गेल्यावर तिचे विस्मरण होते. म्हणूनच हा प्रश्न कोणाच्या सद्‌बुद्धीवर सोडू नये. तो नियमाने बांधावा.

यावर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की समिती म्हणजे विधेयकाची दफनभूमी. तेथे गेलेले परत येत नाही. या म्हणण्यात तथ्यांश आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या महाराष्ट्रातील विधेयकाला २००५ साली विधानसभेची संमती मिळाली, विधान परिषदेतून ते संयुक्त समितीकडे गेले आणि पुढे तसेच राहून गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यावर चारच दिवसांत वटहुकूम निघाला. परंतु हा दोष समितीच्या व्यवस्थेचा, की इच्छाशक्तीचा? महिला आरक्षणाचे विधेयक १२ सप्टेंबर १९९६ रोजी मांडले गेले. गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने ९ डिसेंबर १९९६ रोजी, तीन महिन्यांच्या आत, अहवाल दिला. कायदा मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये झाला. समितीने तीन महिने घेतले. उरलेली सव्वीस वर्षे आणि काही महिने कोणी घेतले, ते ज्याचे त्याने ठरवावे.

उशीर कशाला म्हणावे हे आमच्या गोदाकाठाला विचारावे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचे लोकार्पण केले. नाथसागराचे पाणी आमच्या तालुक्यापर्यंत पसरले. जमिनी घेतल्या गेल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने, म्हणजे ज्या काळी या देशातील शेतकऱ्याला विचारण्याची पद्धतच नव्हती त्या काळच्या कायद्याने. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा. म्हणजे धरण पुरे झाले त्या वर्षी घर हरवलेल्यांचा विचार कायद्यात उतरला. १८९४ चा कायदा बदलण्यासाठी सप्टेंबर २०११ मध्ये विधेयक आले. ते ग्रामीण विकास खात्याच्या स्थायी समितीकडे गेले. सरकार काँग्रेसप्रणीत आघाडीचे आणि समितीच्या अध्यक्षा भाजपच्या सुमित्रा महाजन, चिपळूणच्या माहेरच्या. त्या समितीने खाजगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन का घ्यावी, असा रोखठोक प्रश्न केला. तिच्या साऱ्या शिफारशी मान्य झाल्या नाहीत, पण २०१३ साली झालेल्या कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आला, जमीनमालकांच्या संमतीची अट आली, पुनर्वसन भूसंपादनाला जोडले गेले. दोन वर्षे लागली. जो कायदा एकशे एकोणीस वर्षे शेतकऱ्याच्या मानेवर होता, तो बदलताना दोन वर्षे विचार केला तर त्याला विलंब म्हणावे काय? त्या संमतीच्या अटीला फाटा देणारा वटहुकूम मात्र ३१ डिसेंबर २०१४ रोजी निघाला, दोनदा पुन्हा काढला गेला आणि अखेर ३१ ऑगस्ट २०१५ रोजी व्यपगत होऊ द्यावा लागला.

दुसरा आक्षेप बहुमताचा. जनतेने आम्हांला निवडून दिले, आता पुन्हा विचारायचे कशाला? या लोकांनी आपली राज्यघटना कशी झाली ते आठवावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा सादर केला आणि तो जनतेपुढे आठ महिने राहिला. संविधान सभेत ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बाबासाहेबांनी स्वतः हे आकडे सभागृहाला सांगितले. त्या सभेत फादर जेरोम डिसूझा हे येशूसंघीय धर्मगुरूही सदस्य होते आणि अल्पसंख्याकांच्या हक्कांच्या चर्चेत त्यांचा आवाज ऐकला गेला. त्या सभेत काँग्रेसचे बहुमत इतके होते, की एका दुपारी सारे उरकता आले असते. उरकले नाही, म्हणून ती घटना टिकली. निवडणुकीत जनता राज्य करण्याचा अधिकार देते. प्रत्येक कलमावर कोरा सही केलेला कागद देत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण. समितीचा उपयोग काय, शेवटी सरकारला हवे तेच होते! येथे पुन्हा आमच्या खणातल्या पत्राकडे येऊ. जनसुरक्षा विधेयक प्रथम जुलै २०२४ मध्ये मांडले गेले, डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात पुन्हा आले आणि महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे सोपविले गेले. बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. समितीमुळे बदल झाले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. व्यक्ती व संघटना असा जो सैल उल्लेख विधेयकाच्या उद्देशात होता, त्याच्या जागी कडव्या डाव्या विचारसरणीच्या वा तत्सम संघटना असा उल्लेख आला. सल्लागार मंडळाच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायाधीश असावेत असे ठरले. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याने करावा असे ठरले. हे तीन बदल लहान नाहीत. पण आमच्या शिक्षकांनी ज्या व्याख्येवर बोट ठेवले, ती मात्र राहिली. आणि "तत्सम" या एका शब्दाच्या पोटात किती माणसे मावतील, हे उद्याचा अधिकारी ठरवील.

समितीत विरोधी पक्षांचे ज्येष्ठ नेते होते. त्यांच्यापैकी कोणाची भिन्नमतपत्रिका अहवालाला जोडली गेली नाही. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने विधेयक आवाजी मतदानाने संमत केले. डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले यांनी तेवढा उघड विरोध केला. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. ज्या दारात उभे राहून बोलायचे तेथे मौन, आणि ज्या दारातून बाहेर पडायचे तेथे घोषणा! समितीत बसून भिन्नमत न नोंदविणारा विरोधक आणि समितीच टाळणारा सत्ताधारी, दोघेही नागरिकाला सारखेच एकटे टाकतात. मग समितीचा उपयोग नाही असा निष्कर्ष काढावा काय? वैद्याने दुखणे अर्धे बरे केले म्हणून कोणी वैद्यकी बंद करीत नाही. अधिक चांगला वैद्य शोधतो. समितीही चुकते. १०२ व्या घटनादुरुस्तीचे विधेयक राज्यसभेच्या प्रवर समितीने तपासले होते आणि राज्यांच्या अधिकाराला बाधा येत नाही असा निर्वाळा दिला होता. न्यायालयाच्या बहुमताने वेगळे वाचले आणि २०२१ मध्ये पुन्हा घटनादुरुस्ती करावी लागली. परंतु समितीने काय विचार केला होता याची लेखी नोंद तेथे होती. न्यायाधीशांनी ती वाचली, वकिलांनी तिच्यावर वाद घातला. घाईने केलेल्या कायद्यामागे अशी नोंद नसते.

हे सारे एका धर्मगुरूने का लिहावे? कारण कायदा म्हणजे काय, हे आम्हांला सेमिनरीत प्रथम शिकविले गेले ते संत थॉमस अक्वायनस यांच्या विवेचनातून. त्यांच्या मते कायदा हा विवेकाचा आदेश असतो, तो सर्वांच्या हितासाठी असतो, समाजाची काळजी वाहणाऱ्याने तो केलेला असतो आणि तो जाहीर केलेला असतो. यांतील पहिली अट विवेकाची आहे, शक्तीची नाही. मध्ययुगातील धर्मसभेच्या कायद्याने रोमन परंपरेतून एक सूत्र उचलले : जे सर्वांना लागू होते, ते सर्वांच्या संमतीने व्हावे. प्रेषितांच्या काळीही, अन्यधर्मीयांतून आलेल्यांवर नियमशास्त्राचा भार घालावा की नाही हा प्रश्न उठला तेव्हा, येरुशलेममध्ये सभा भरली, बराच वादविवाद झाला आणि मगच पत्र धाडले गेले. आजच्या कॅनन कायद्याचे १२७ वे कलम तर असे सांगते, की जेथे वरिष्ठाने सल्ला घ्यावा असे विहित आहे, तेथे सल्ला न घेता केलेली कृती अवैध ठरते. ज्या संस्थेला लोक एकाधिकारी म्हणतात, तिच्या कायद्यातही न ऐकता केलेल्या निर्णयाला काही ठिकाणी किंमत नाही.

कायदा असला तरी आम्ही तो नेहमी पाळतो असे नाही. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना आम्ही वेदीवरून एक नियम जाहीर केला : दफनविधी सूर्यास्तापूर्वीच होईल. हेतू चांगला होता. दफनभूमीत दिवे नव्हते, वाट काट्याकुट्यांची होती. पॅरिश कौन्सिलला विचारण्याची गरज आम्हांला वाटली नाही. त्याच हंगामात ऊसतोडीला गेलेल्या एका कुटुंबातील बाई दूरच्या कारखान्याच्या तळावर वारली. ते लोक तिला टेम्पोत घालून निघाले आणि गावात पोहोचेपर्यंत अंधार झाला. त्यांनी दार वाजविले नाही, कारण त्यांना नियम ठाऊक होता. थंडीत, चर्चच्या कुंपणाबाहेर, ती माणसे रात्रभर तिच्याजवळ बसून राहिली. सकाळी आम्ही दार उघडले तेव्हा तिच्या धाकट्या मुलाने आम्हांला "जय ख्रिस्त, फादर" म्हटले, एवढेच. पुढच्या बैठकीत एका म्हातारीने सांगितले, "आधी इचारलं असतं, तर सांगितलं असतं. आपली माणसं हंगामात दिवसा मरत न्हाईत." नियम बदलला. त्या रात्रीचे काय? ती परत येत नाही. मेजावर बसून केलेला प्रत्येक नियम चांगलाच दिसतो. कुंपणाबाहेर कोण बसणार आहे ते मेजावरून दिसत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. महाराष्ट्राच्या विधिमंडळात संसदेप्रमाणे खातेनिहाय स्थायी समित्या असाव्यात आणि प्रत्येक विधेयक नियमानेच त्यांच्याकडे जावे. पाठवायचे नसेल तर कारण मंत्र्याने सभागृहात लेखी द्यावे. केरळच्या विधानसभेत १९८० पासून विषय समित्या आहेत. आपल्याला अशक्य का व्हावे? तेथे मंत्री समितीचे अध्यक्ष असतात, तो दोष मात्र आपण उचलू नये. ज्याचे सरकार विधेयक मांडते त्यानेच त्याच्या परीक्षेचा पर्यवेक्षक होऊ नये. समितीने मुंबईबाहेर पडावे, छत्रपती संभाजीनगरला यावे, नागपूर-अमरावतीला जावे आणि माणसांना समोरासमोर ऐकावे. मसुदा सोप्या मराठीत निदान तीस दिवस लोकांपुढे असावा. केंद्राच्या २०१४ च्या पूर्वविचारविनिमय धोरणात एवढी मुदत सांगितलेलीच आहे. आलेल्या सूचनांचा गोषवारा आणि त्या नाकारल्या तर त्याची कारणे अहवालात छापावीत. आणि संकटसमयी समितीविना कायदा करावाच लागला, तर वर्षभरात समितीने तो तपासावा, अन्यथा तो आपोआप संपुष्टात यावा. २००८ मध्ये एवढे एकच बंधन असते तरी पुष्कळ झाले असते.

आपल्या समाजाकडेही एक मागणी आहे. आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो, पण ते कायदा झाल्यावर. मसुदा वाचणारी चार माणसे प्रत्येक धर्मग्रामात असावीत. त्यांत वकील असलाच पाहिजे असे नाही. एक म्हातारी आणि एक शेतकरी असला म्हणजे पुरे. आणि प्रश्न केवळ ख्रिस्ती माणसाला बोचणाऱ्या कलमाचा नसावा; शेजाऱ्याला बोचणारे कलमही आपण वाचावे.

आमच्या खणातले ते दीड पानी पत्र आम्ही फाडलेले नाही. ओट्यावरची मंडळी अजून शुक्रवारी बसतात. गेल्या खेपेस त्या शेतकऱ्याने विचारले, "फादर, पुढचा मसुदा कधी येणार?" आम्ही म्हणालो, "बाबा, येईल तेव्हा येईल. या वेळी पत्र पहिल्या शुक्रवारीच लिहू."